नवीन गाडीला पूर्ण पीपीएफ की सिरॅमिक? आधी पार्किंगमधलं फडकं बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पिंपरी-चिंचवडमधल्या एका वाचकाने लिहिलंय, नाव अर्थातच देत नाही. कंपनीत सुपरवायझर, वय चाळीसच्या आसपास. अकरा वर्षं बाईकवर संसार केला आणि आता पहिली गाडी बुक केलीय, काळ्या रंगाची कॉम्पॅक्ट एसयूव्ही, डिलिव्हरी गुढीपाडव्याला. डाउन पेमेंट करून हातात १,१५,००० रुपये उरलेत. शोरूमवाले म्हणतात २८,००० चं सिरॅमिक कोटिंग घ्याच. मित्राने पूर्ण गाडीच्या पीपीएफचं (पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) १,१०,००० चं कोटेशन आणलंय आणि फायनान्सवाला म्हणतो हवं तर लोनमध्ये बसवून देतो. मुलाला मॅट रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायचं बिनचमकीचं रंगीत आवरण, हवाय. बायको म्हणते जूनमध्ये मुलीची डिप्लोमाची फी आहे, पैसे हलवू नका. सासरे म्हणतात एवढं कशाला, दोनेक हजारात टेफ्लॉन मारून घ्या. यांचं स्वतःचं म्हणणं असं: "जीएसटी कमी झाला त्यात पैसे वाचलेच आहेत, तेच गाडीवर घालू असं वाटतं. पहिला ओरखडा मला बघवणार नाही. मुलांना आत्तापासूनच सांगून ठेवलंय की बॅग दाराला घासायची नाही. ताई, नक्की काय करू? आणि पाडव्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढू द्यायचं का, की त्यानेही पेंट जातो?"

नमस्कार दादा,

आधी गाडीचं मनापासून अभिनंदन. मुलं लहान असताना चौघं एका बाईकवर, मोठी झाल्यावर लग्नकार्याला दोन-दोन फेऱ्या, पावसात पोचेपर्यंत साडीचे काठ भिजलेले, हे ज्यांनी केलंय त्यांनाच पहिल्या गाडीचं काय ते कळतं. त्यामुळे तुम्ही रंगाची एवढी काळजी करताय यात मला काहीच जास्तीचं वाटत नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण सहा वर्षं मी एका बॉडीशॉपमध्ये इस्टिमेट काढायचं काम केलंय आणि तुमच्यासारखी माणसं रोज समोर बसायची, नवी गाडी, पहिला चरा, आणि चेहरा असा की घरात कुणीतरी आजारी आहे.

तुम्ही विचारलंय पीपीएफ की सिरॅमिक. पण त्याआधी एक गोष्ट तुम्ही धरूनच चाललाय, की ओरखडे बाहेरून येतात, रस्त्यावरून, दुसऱ्याच्या हँडलमुळे, मुलांच्या बॅगेमुळे. असे येतातच, नाही असं नाही. पण आमच्याकडे "गाडी डल झाली, पॉलिश करून द्या" म्हणून ज्या गाड्या यायच्या त्यातल्या बहुतेकींना कुणीही ठोकलेलं नसायचं. रोज सकाळी पुसून पुसून त्यांची ती अवस्था झालेली असायची.

एक करून बघा. उद्या सकाळी सहा-साडेसहाला तुमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन दहा मिनिटं उभे राहा. गाड्या पुसणारा दादा येतो, हातात एक बादली, खांद्यावर एक फडकं, तेच फडकं पहिल्या गाडीच्या चाकाजवळून फिरतं, तेच दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर. बादलीतलं पाणी पाचव्या गाडीला चहासारखं झालेलं असतं. आणि आपल्याकडची धूळ म्हणजे काय हो, शेजारी बिल्डिंग चालू आहे तिथली वाळू, सिमेंट, रस्त्यावरची कच. ती रात्रभर गाडीवर बसते आणि सकाळी आपण ती फडक्याने पेंटवर घासतो, गोल गोल. मग पार्किंगमधली एखादी तीन-चार वर्षांची काळी गाडी शोधा आणि तिच्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतील, हजारो. तुमच्या काळ्या गाडीला पहिली भीती याची आहे, आणि ते १,१०,००० खर्च करूनही फडकं तेच राहिलं तर पुढे फिल्मवर होणारच आहे.

आता रंग म्हणजे नक्की काय ते थोडं सांगते, म्हणजे कोण काय विकतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. पत्र्यावर आधी गंज अडवणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट अंदाजे ४०. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन असतो, म्हणजे ज्या थरामुळे तुमची गाडी आरशासारखी दिसते तो केसापेक्षाही पातळ आहे. कारखान्यात हा रंग नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यावर १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. गाडीत प्लास्टिक, वायरिंग, सीट बसल्यावर एवढी उष्णता कुठलाच गॅरेजवाला देऊ शकत नाही, म्हणून ओरिजिनल पेंटची बरोबरी पुन्हा मारलेल्या रंगाला सहसा येत नाही. या अर्थाने तुमचा जीव रंगात अडकलाय तो योग्य जागी अडकलाय.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिका असलेलं रसायन, बाटलीतून काढून गाडीवर पसरवायचं आणि पुसून घ्यायचं, ते सुकून पेंटला धरून बसतं. थर किती जाड? एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. याने काय होतं तर पाणी थेंब थेंब होऊन निथळतं, चिखल पटकन सुटतो, उन्हात रंग विटत नाही लवकर, आणि काळा रंग खरंच खोल, ओला ओला दिसतो. हे फायदे खरे आहेत. पण उडालेला खडा एका मायक्रॉनला काय दाद देणार? शोरूमवाले "नाइन एच हार्डनेस" सांगतात ना, तो एच पेन्सिलीचा एच आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली कोटिंगवर ओढून बघतात आणि कडकातल्या कडक पेन्सिलीनेही रेघ उठली नाही तर नाइन एच. तुमच्या गाडीवर पेन्सिलीने कुणी लिहिणार नाहीये, वाळू घासणार आहे. जुन्या गाडीच्या पुढच्या काचेवर वायपरच्या अर्धगोल रेघा बघितल्या असतीलच, अख्ख्या काचेवर वाळू रेघा पाडते तर या थराचं काय घेऊन बसलात.

पीपीएफचं तसं नाही, ती खरीखुरी फिल्म असते, पॉलियुरेथेनची, १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे तुमच्या अख्ख्या पेंटपेक्षा जाड. ती खडा झेलते, नखाचा, बॅगेच्या चेनचा चरा स्वतःवर घेते, आणि चांगल्या फिल्मचा वरचा थर असा असतो की बारीक रेषा उन्हात किंवा गरम पाणी टाकल्यावर भरून येतात. मी हे पहिल्यांदा डोळ्यासमोर बघितलं तेव्हा खरंच थक्क झाले होते, पितळी ब्रशने ओढलेल्या रेघा, वरून किटलीतलं गरम पाणी, आणि रेघा गेल्या. पण हे बारीक रेषांपुरतंच हां. किल्लीने कुणी मुद्दाम ओढलं किंवा बाईकचं फूटरेस्ट घासत गेलं तर फिल्म फाटते आणि तो तुकडा बदलावा लागतो.

या फिल्मचा उगम सांगण्यासारखा आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. ती गाड्यांसाठी निघालीच नव्हती. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि खडे लागून ती झिजायची, म्हणून पात्यांच्या पुढच्या कडेला अशी फिल्म लावायला लागले. पुढच्या कडेला, जिथे मार बसतो तिथे. गाडीचंही तसंच असतं. खडा उडतो पुढच्या गाडीच्या चाकाखालून आणि बसतो बंपरवर, बॉनेटच्या पुढच्या भागावर, आरशांच्या पाठीवर, फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, पुढच्या टोकाला. छतावर खडा येत नाही. डिकीच्या दारावर येत नाही. मागच्या दाराचा खालचा भाग सोडला तर बाजूलाही फारसा येत नाही. मी जितक्या टवके उडालेल्या गाड्या बघितल्या त्यात टवके कुठे असायचे हे मला आजही डोळे मिटून सांगता येईल, नंबर प्लेटच्या आजूबाजूला आणि बॉनेटच्या पहिल्या वीतभरात.

मग तुमची गाडी फिरणार कुठे? तुम्ही लिहिलंय की रोज कंपनीत बसने जाता, गाडी घरच्या कामाला आणि महिन्या-दीड महिन्यातून सातारच्या पुढे गावी. म्हणजे खंबाटकी घाट, खडीचे डंपर, आणि दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या. हा रस्ता पुढच्या भागाला मार देणारा आहे, तिथे फिल्मची गरज खरी आहे. बाकीच्या गाडीला तुमच्या वापरात ती गरज मला दिसत नाही.

म्हणून माझं मत सरळ सांगते. पूर्ण पीपीएफ करू नका. पुढचा बंपर, बॉनेट, दोन्ही आरसे, फेंडरचा पुढचा भाग, दारांच्या कडा, हँडलच्या मागची वाटी जिथे नखं आणि अंगठ्या लागतात ती, आणि मागच्या बंपरची वरची पट्टी जिथे सामान चढवताना बॅगा घासतात, एवढ्यालाच चांगल्या प्रतीची फिल्म लावा. कॉम्पॅक्ट एसयूव्हीला हे साधारण २५ ते ४० हजारात बसतं, फिल्म कुठली यावर आहे. मुलांच्या बॅगेची जी तुम्हाला धास्ती आहे ती याच कडांची आणि याच पट्टीची आहे, तिथे फिल्म आली की मुलांना बोलायचं कारणच उरत नाही.

उरलेल्या गाडीला शोरूमचं २८,००० चं सिरॅमिक मी घेणार नाही. बाहेर डिटेलिंगवाल्याकडे त्याच प्रतीचं बऱ्याचदा त्याहून कमीत होतं, आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्ष तेही थांबलं तरी काही बिघडत नाही. सहाशे-नऊशे रुपयांना सिलिकाचा सीलंट स्प्रे मिळतो, धुतल्यावर मारायचा, मायक्रोफायबरने पुसायचा, अडीच-तीन महिने पाणी मस्त निथळतं. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीला एकदा, मध्ये एखाद्या वेळी. काळ्या गाडीला आवडेल तुम्हाला हे, रविवारी सकाळी पोरांना घेऊन करायचं काम आहे.

आता पैशाचं, कारण वहिनींचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरंय, आणि गाडी स्वस्त पडली हेही खरंय. पण ते पैसे तुमच्या हातात आलेले नाहीत, तुमचं कर्ज तेवढं कमी झालंय, बस. हातात आहेत ते १,१५,०००, आणि त्यात जूनची फी आहे, पहिल्या दोन-तीन महिन्यांचे हप्ते आहेत. आणि ते लोनमध्ये बसवून देतो म्हणतात त्याला कृपा करून हो म्हणू नका. १,१०,००० रुपये ९ टक्क्यांनी सात वर्षांना घेतले तर महिना साधारण १,७७० पडतात आणि फेडून होईपर्यंत १,४८,००० च्या वर जातात. फिल्मची वॉरंटी तुमच्या कोटेशनवर पाच वर्षं लिहिलीय. म्हणजे फिल्म काढून टाकायची वेळ येईल त्यानंतरही दोन वर्षं तिचे हप्ते चालू.

"विकताना पैसे वसूल होतात" असं मित्र म्हणतो असंही तुम्ही लिहिलंय. जुनी गाडी घेणारा वर्ष बघतो, किलोमीटर बघतो, क्लेम किती झाले बघतो, सर्व्हिस रेकॉर्ड बघतो. पेंट ओरिजिनल असेल तर भाव चांगला मिळतो हे नक्की, पण फिल्मला घातलेला लाख परत देणारा गिऱ्हाईक मला अजून भेटलेला नाही. दुसऱ्या बाजूने बघा, एक पॅनल डेंटिंग-पेंटिंगला साधारण ४ ते ८ हजार घेतात, आणि मोठं काही झालं तर इन्शुरन्स आहेच. पूर्ण पीपीएफ कुणी करावं मग? ज्याचं रोजचं हायवेला जाणं-येणं आहे, ज्याच्या गाडीचा रंगच कंपनीचा मॅट आहे किंवा असा स्पेशल आहे की टचअप मिळतं-जुळतं होत नाही, ज्याला दहा वर्षं गाडी ठेवायचीय आणि लाखभर गेल्याने घरात काही अडत नाही, त्याने खुशाल करावं, वस्तू चांगलीच आहे.

इन्शुरन्सवरून आठवलं, फिल्म लावली तर एजंटला विचारा की ती पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून नोंदवता येते का आणि जे काय उत्तर असेल ते लेखी घ्या. वेगळी नोंद नसेल तर अपघातात पॅनल बदलला की साधारणपणे पॅनलचे पैसे मिळतात, फिल्मचे जातात.

मुलाच्या मॅट रॅपबद्दल. तो विनाइलचा असतो, दिसण्यासाठी, पातळ असतो, खड्यापासून फार वाचवत नाही. शिवाय गाडीचा रंग बदलला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, इन्शुरन्स कंपनीलाही कळवावं लागतं. पारदर्शक फिल्मला हे काही लागत नाही. मुलाला समजावा, दोन-तीन वर्षांनी बघू म्हणावं.

टेफ्लॉनबद्दल सासऱ्यांना एवढंच सांगा की तव्यावरचं टेफ्लॉन भट्टीत खूप तापवून बसवतात, गाडीच्या बॉनेटवर ते करता येत नाही. गाडीला जे मारतात ते चांगल्या पॉलिशसारखं असतं, काही महिने चमक राहते आणि धुऊन जातं. पण त्यांचा मुद्दा, की यात फार पैसे घालू नका, तो रास्तच आहे.

फिल्म लावायला जाल तेव्हा एक गोष्ट नक्की विचारा: गाडीवर ठेवून ब्लेडने कापता की मशीनवर आधी कापून आणता? हे मी इतकं आवर्जून सांगतेय त्याला कारण आहे. एक गडद निळी गाडी आमच्याकडे आली होती, वर्षभराचीसुद्धा नव्हती, पुढून लागलेली. बॉनेटची फिल्म हीट गनने गरम करून आमच्याकडच्या मुलाने हळूहळू ओढली आणि खाली हेडलाइटच्या कडेने एक सरळ, बारीक, पांढरट रेघ. नखाने चाचपली तर नख अडकलं. ज्याने कुणी ती फिल्म लावली होती त्याने कडा कापताना ब्लेड थेट पेंटवरून फिरवलं होतं, पार प्रायमरपर्यंत, आणि एका टोकाला तर गंजाचा लालसर ठिपका धरला होता. ज्या रंगाला जपायला त्या माणसाने पैसे मोजले तोच रंग फिल्मखाली चिरलेला, आणि मालकाला वर्षभर पत्ता नाही. ते काका त्या रेघेवरून बोट फिरवत किती तरी वेळ नुसते उभे होते. चांगले लोक प्लॉटरवर, म्हणजे कापायच्या मशीनवर, तुमच्या मॉडेलच्या मापाने फिल्म कापतात, किंवा कडेला खास कापायची दोऱ्याची टेप वापरतात. जो नीट सांगणार नाही त्याच्याकडे गाडी सोडू नका.

फिल्म टीपीयूची, म्हणजे वर सांगितलेल्या पॉलियुरेथेनची, आहे का तेही लेखी घ्या. स्वस्तात टीपीएच म्हणून जी येते ती पीव्हीसीच्या जातीची, वर्ष-दोन वर्षांत पिवळी आणि कडक व्हायला लागते, काढताना तुकडे तुकडे होतात आणि गोंद मागे राहतो. चांगल्या फिल्मच्या रोलला नंबर असतो, वॉरंटी त्या नंबरावर कंपनीच्या साइटवर नोंदवतात, दुकानाच्या लेटरहेडवरच्या वॉरंटीला अर्थ नाही. आणि ती इम्पोर्टेडच हवी असंही काही नाही, आपल्या छत्रपती संभाजीनगरला कारखाने असलेली गरवारे हाय-टेक फिल्म्स पीपीएफ बनवते आणि बाहेरच्या देशांतही विकते. ब्रँडइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, लावणाऱ्याचा हात महत्त्वाचा. त्याने सहा महिन्यांपूर्वी केलेली एखादी गाडी दाखवायला सांगा आणि तिच्या कडा बघा, उचललेल्या आहेत का, काळी रेघ धरलीय का. लावल्यावर पहिले काही दिवस आत पाण्याचे बुडबुडे दिसतात ते आपोआप जातात, घाबरू नका, पण आत अडकलेला कचऱ्याचा कण कधीच जात नाही, तो गाडी ताब्यात घेतानाच दाखवायचा.

अजून एक, नव्या गाडीला "आधी तीन स्टेज पॉलिश करावं लागेल" म्हणाले तर का ते विचारा. कंपाउंड मारणं म्हणजे क्लिअर कोट घासून थोडा कमी करणं, आणि तो चाळीसच मायक्रॉन आहे. नव्या पेंटला नीट धुणं, क्ले (चिकटलेले कण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा) फिरवणं आणि फार तर पॉलिशचा हलका हात पुरतो. पुढे सर्व्हिसिंगला "रबिंग-पॉलिश फ्री आहे" म्हणतील, दर वेळी फ्री आहे म्हणून करून घेऊ नका.

आता धुण्याचं, ज्यावर मी एवढं बोलले. माझ्या स्वतःच्या गाडीला मी घेतानाच कोटिंग केलं होतं आणि त्या भरवशावर पुसणं मात्र तसंच चालू ठेवलं. वर्षभराने रात्री पेट्रोल पंपावर पांढऱ्या दिव्याखाली थांबले होते, बॉनेटकडे लक्ष गेलं आणि पोटात गोळा आला, सगळीकडे जाळी. तेव्हापासून जे करते तेच तुम्हाला सांगते. पुसणाऱ्या दादाला काढू नका, त्याचे महिन्याचे पाचशे रुपये तसेच द्या, फक्त त्याला सांगा की रोज पुसायचं नाही, आठवड्यातून दोनदा धुवायचं, आणि फडकी-बादली माझी. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची. आधी वरून पाणी मारून धूळ उतरवायची, मग धुण्याचा मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून छतापासून खाली यायचं, दर पॅनलनंतर साध्या पाण्यात झटकायचा, चाकांना वेगळं फडकं. शाम्पू गाडीचाच, निरमा किंवा भांड्याचा साबण नाही. शेवटी जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून पाणी टिपायचं, घासायचं नाही. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. हे सगळं सामान दोन-अडीच हजारात येतं. मी आमच्या दादाला एकदा शेजारी उभं राहून दाखवलं, त्याला टॉर्चने जाळी दाखवली, तेव्हापासून तो आमच्या विंगमधल्या अजून चार गाड्या तशाच धुतो आणि त्यांच्याकडून शंभर-शंभर जास्त घेतो.

उन्हात मात्र धुऊ नका. एप्रिलमध्ये काळं बॉनेट साठ-सत्तर अंशांच्या पुढे सहज जातं, पाणी टिपायच्या आत उडून जातं आणि टँकरच्या, बोअरच्या पाण्यातले क्षार पांढऱ्या गोलांसारखे बसतात. कोटिंग असेल तर थेंब जास्त गोळा होतात, त्यामुळे न टिपता सोडलं तर डाग उलट जास्त. बसलेच तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, दोन-तीन मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवायचं.

तुमचं पार्किंग उघड्यावर, झाडाखाली, वर कबुतरं. कबुतराची घाण आम्लाची असते, उन्हात पेंट तापून सैलावतो, संध्याकाळी आवळतो आणि तिथे खड्डा पडल्यासारखा चट्टा राहतो. दिसली की त्याच दिवशी काढायची, ओला टिश्यू पाच मिनिटं त्यावर ठेवायचा, मऊ झाली की उचलून घ्यायची, खरवडायची नाही. गाडीत एक पाण्याची बाटली आणि टिश्यू कायम असू दे. झाडावरून जो चिकट थर पडतो तोही तसाच, आठवडाभर राहू द्यायचा नाही. कव्हर घालायचा विचार असेल तर धुळीच्या गाडीवर कव्हर कधीच नाही, वाऱ्याने ते हलतं आणि दिवसभर फडक्याचंच काम करतं. सोसायटीत झाकलेलं पार्किंग महिन्याला हजार-बाराशेने कुणी देत असेल तर मी ते सिरॅमिकच्या आधी घेईन.

कोकणातल्या वाचकांकडूनही असे प्रश्न येतात म्हणून सांगते, खाऱ्या हवेचा गंज खालून आणि सांध्यांतून धरतो, वरच्या कोटिंगने तो थांबत नाही. तिथे पैसे गाडीच्या खालच्या बाजूच्या अँटी-रस्टला आणि पावसाळ्यानंतर खालून दाबाने धुण्याला घाला.

आणि दादा, पहिला ओरखडा येणार. सहा महिन्यांत, वर्षात, कुणाच्या तरी हँडलने, किंवा तुमच्याच हातून गेटला. तेव्हा त्या दिवशी गाडीत जो कुणी असेल त्याच्यावर तुमचा आवाज चढू नये एवढं मला मनापासून वाटतं, कारण मी ते बघितलंय, काउंटरच्या पलीकडे नवरा इस्टिमेट विचारतोय आणि मागे बाकावर बायको खाली मान घालून बसलीय, गाडी तिच्या हातून लागलेली. तीन हजारांचं काम होतं. टचअप पेनची बाटली तुमच्या कलर कोडची डिलिव्हरीच्या वेळीच शोरूममधून मागून घ्या, पाच-सहाशेला मिळते, टवका उडाला की तीळभर रंग लावून टाकायचा म्हणजे गंज धरत नाही.

डिलिव्हरीला शक्यतो उजेडात जा, आणि शोरूमला एक दिवस आधीच सांगून ठेवा की गाडी फक्त पाण्याने धुवा, पॉलिश-बिलिश काही मारू नका. सही करायच्या आधी टॉर्चने चारी बाजू बघा. नव्या गाडीतही वाहतुकीत लागलेलं, परत रंगवलेलं पॅनल कधीतरी निघतं. तसं काही असेल तर त्या पॅनलवर फिल्म लगेच लावू नका, महिना-दोन महिने जाऊ दे, नाहीतर फिल्म काढताना रंग सोबत येतो.

राहिलं स्वस्तिक. अहो, जरूर काढा, अकरा वर्षांनी घरात गाडी येतेय. पुजारीकाकांना किंवा वहिनींना सांगा की समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढा, काचेला काही होत नाही. बॉनेटवरच काढायचं म्हणाले तर ओलं कुंकू बोटाने हलकं लावायचं, हळद-अक्षता वरून चोळायच्या नाहीत, अक्षतांचे तांदूळ फडक्याखाली आले की तेही घासतातच. हाराची तार तेवढी बघा, ग्रिलला बांधताना तारेचं टोक बॉनेटच्या कडेला टेकतं आणि घरी पोचेपर्यंत हलत राहतं, त्यापेक्षा सुतळीने बांधा. फिल्म त्यानंतरच्या आठवड्यात लावा, आणि पाडव्याच्या संध्याकाळी सगळे जेवून उठले की एक बादली साधं पाणी घेऊन कुंकू धुऊन काढा, रात्रभर ठेवू नका.